खेचर पाणी पितं

इटलीचा विषय निघाला की आमच्या गावातले लोक माझ्या सासऱ्यांकडे बोट दाखवतात. चाकूरपासून पाच मैलांवरच्या गावात इटलीचा विषय निघतोच कशाला, असं कुणाला वाटेल. तो निघतो, कारण सासरे स्वतःच काढतात.

त्यांचं नाव ग्यानोबा. मोठ्या लढाईच्या वेळी ते विशीत होते. बकरी विकायला मुखेडच्या बाजाराला गेले, तिथे भरतीवाला भेटला, आणि बकरी एका ओळखीच्या माणसाच्या हातात देऊन हे थेट पलटणीत. तिथे बंदूक काही मिळाली नाही, खेचरं मिळाली. त्या खेचरांबरोबर बोटीत बसून ते इटलीला गेले, डोंगरात रसद वाहिली, आणि तीन वर्षांनी परत आले ते एक जाड कांबळं आणि इटालियन भाषा घेऊन. कांबळं केव्हाच फाटलं. भाषा मात्र टिकली.

मामा, म्हणजे माझे सासरे, घडाघडा इटालियन बोलतात असं सगळं गाव मानायचं. लग्न होऊन आल्यापासून मीही मानत होते. मारकी म्हैस असो, भुंकणारं कुत्रं असो, मामा तिला किंवा त्याला इटालियनमध्येच समजावायचे. एकदा एसटीत जागेवरून कंडक्टरशी वाजलं, तर मामांनी त्याला असं काही इटालियन सुनावलं की त्यानं मुकाट्यानं ड्रायव्हरमागची सीट मोकळी करून दिली. मामांचे लहानपणापासूनचे मित्र व्यंकटीमामा तेवढे कधीकधी डोकं खाजवत म्हणायचे, की ग्यानबा, तुझी भाषा मला दरवेळी सारखीच कामून ऐकू येती? त्यावर मामा म्हणायचे, तुला भजन काय आन् बँड काय, समदं सारखंच ऐकू येतंय.

त्या वर्षी आमचा जिल्हा नवा होता आणि दुष्काळ जुना. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, तरी माझे वडील नांदेडहून पत्र पाठवताना आधी उस्मानाबाद लिहायचे, मग ते खोडून लातूर लिहायचे. पावसाळा दुसऱ्यांदा कोरडा गेला होता. विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागे. टँकर दोन दिवसांआड यायचा, तोही मनाला येईल तेव्हा.

माझे मिस्टर उद्धव लातूरला पाणीटंचाईच्या एका ऑफिसात कारकून लागले होते. शनिवारी घरी यायचे. एका परदेशी संस्थेनं बोअर पाडायची मशीन दिली होती, आणि मशीनबरोबर तिचा इंजिनिअरही पाठवला होता. तो इटलीचा होता. मशीन कोणकोणत्या गावांना न्यायची त्याच्या यादीसाठी उद्धव गावागावांचे फॉर्म भरत होते. आपल्या गावाचा फॉर्म हातात आल्यावर त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकलं, ‘सदर गावी इटालियन भाषा अवगत असलेले ज्येष्ठ गृहस्थ वास्तव्यास आहेत.’ ऑफिसचे साहेब खूश झाले. त्या इंजिनिअरशी बोलायचं कसं या विचारानं ऑफिसातल्या कुणालाच झोप नव्हती. आमचं गाव यादीत पहिलं आलं. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी मशीन येणार, आणि दुभाषे म्हणून श्री. ग्यानोबा हजर राहणार.

उद्धवनी हे जेवताना सांगितलं, छाती काढून. मामा ‘हाव’ म्हणाले. पुढची अर्धी भाकरी त्यांनी ताटात तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दारामागे ज्वारी निवडत बसले होते. मामा ओट्यावर होते, मांडीवर माझी आठ महिन्यांची मित्रा. तिचं पूर्ण नाव संघमित्रा, पण ते तिच्या अंगाला अजून सैल होतं.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. म्हणजे बोलणं अडतं असं नाही, ते फक्त वळसा घालून जातं. पूर्वी चहा झाला की मी कप वाजवायचे, जेवण झालं की ताट. मित्रा झाली आणि भांड्यांची सुटका झाली. आता मी मित्राला म्हणायचे, ‘आजोबांना सांग, पाणी तापलंय.’ मामा मित्राला म्हणायचे, ‘मायला सांग, येतो.’ सगळा कारभार तिच्यामार्फत, आणि ती बिचारी मूठ चोखत दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

“मित्रे,” मामा म्हणाले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. “तुझ्या आजाला इटलीचं एकच वाक्य येतंय बघ.”

माझा हात ज्वारीतच राहिला.

“इल मूलो बेवे लाक्वा. खेचर पाणी पितंय. बास. चाळीस साल झाले, येवढ्यावरच चालवून राहिलो.”

मग ते बराच वेळ तिला सांगत बसले. डोंगरातल्या एका गावात झऱ्यावर ते खेचरं पाजायला न्यायचे. तिथे एक म्हातारी धुणं धूत असायची. ती रोज खेचराकडे बघून एवढंच म्हणायची. दुसरं काय म्हणणार, खेचर तिथं दुसरं करत काय होतं? परत आल्यावर पहिल्याच दिवशी गावानं विचारलं, तिकडची भाषा येते का. मामा म्हणाले, येते. तिथून जे सुरू झालं ते थांबवायला चांगली वेळच सापडली नाही.

“आता सायब येणार. व्यंकट्या पुढं येऊन बसणार. समद्या गावात इज्जत जाती बघ पोरी.” मग आणखी मोठ्यानं, “तुझी माय कालेजात एक साल गेलेली हाय म्हणं.”

बोअर कुठं पाडायचा ते खडक बघून ठरणार होतं. इंजिनिअर इटालियन बोलला काय आणि मुका राहिला काय, पाण्याला फरक पडणार नव्हता. फरक पडणार होता तो मामांना. चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर ते गावात ताठ चालले, ती सोमवारी सगळ्यांसमोर गळून पडणार होती. मी आतूनच म्हटलं, “मित्रे, आजोबांना सांग, फिकीर करू नका. माय बघते.”

माझे वडील नांदेडला एका कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई. त्यांना पत्र टाकलं. गुरुवारी एसटीच्या ड्रायव्हरनं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक चाकूरच्या स्टँडवर आणून दिलं. इंग्रजीतून इटालियन शिकवणारं, खरं तर सहलीला जाणाऱ्यांसाठी लिहिलेलं. अर्धं पुस्तक हॉटेल आणि सामान यातच गेलेलं. बोअर, टँकर, दुष्काळ, कशाचाच पत्ता नाही. पहिल्या पानावर एक मुलगा सफरचंद खात होता. मी त्याला तिथेच खात बसू दिलं. मामांच्या तोंडात चाळीस वर्षं खेचर बसलेलं होतं, त्याचंच दावं धरून चालायचं ठरवलं.

मित्रा झोपली की, ती दूध पिताना, टँकरच्या रांगेत घागर पुढे सरकेपर्यंत, मिळेल तेवढा वेळ मी ते एक वाक्य उलगडत बसायचे. मूलो म्हणजे खेचर. त्याच्या आधीचं इल म्हणजे खेचराच्या गळ्यातली घंटा. वाजली की कळतं, मागून पुल्लिंगी येतंय. बाईमाणसाची घंटा वेगळी, ला. पाणी म्हणजे आक्वा, ते त्यांच्याकडे स्त्रीलिंगी. दोन आ शेजारी आले की एक गळतो, म्हणून लाक्वा. तिसरं लिंग नाहीच. आमचं खेचर, आमचं पाणी, आमचं लेकरू, सगळी ती-तो-ते मधली ‘ते’ मंडळी तिकडे गेली तर त्यांना कुठल्यातरी एका दारातून आत शिरावं लागेल.

सासूबाई, सरजाबाई त्यांचं नाव, चुलीपाशी हे ऐकत होत्या. पाणी तिकडे बाई आहे म्हटल्यावर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या, “बाईच आसंल. बाप्यानं कधी आणलंय का पाणी?”

राहिलं बेवे. पितं. आपलं क्रियापद सगळ्यात शेवटी येतं, सगळ्यांची जेवणं झाल्यावर बसणाऱ्या घरच्या बाईसारखं. त्यांचं मात्र खेचर आणि पाण्याच्या मधोमध ऐटीत बसलेलं. आणि त्याच्या शेपटावरून कळतं, कोण पितंय. मी पिते तर बेवो. तू पितेस तर बेवी. ती पिते, तो पितो, बेवे. ‘मी’ आणि ‘तू’ वेगळं म्हटलंच पाहिजे असं नाही; आपण नाही का नुसतं ‘जेवलीस का’ विचारतो, त्यात ‘तू’ आलीच. हे वाचलं तेव्हा मला त्या लोकांबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली.

शिकवणी दुपारी. मामा ओट्यावर, दाराकडे पाठ करून. मी उंबऱ्याच्या आत. मधे मित्रा.

“मित्रे, म्हण, मी पाणी पिते. बेवो लाक्वा.”

“बेवो लाक्वा,” मामा म्हणायचे.

“मित्रे, म्हण, व्यंकटीमामा पाणी पितात.”

“व्यंकट्या बेवो लाक्वा.”

“मित्रे, किती वेळा सांगायचं तुला? बेवो नाही. बेवे.”

तिसऱ्या दिवशी सासूबाईंना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, चुकतंय म्हातारं आणि कावतीस लेकराला, हा कुठला न्याय? पण मामांना मी थेट ‘चुकलं’ म्हणणार तरी कशी? मग आणखी एक अडचण निघाली. मामांना सहा शेपटं क्रमानं आठवेनात. मी, तू, ती, आम्ही, तुम्ही, ते. बेवो, बेवी, बेवे, बेव्यामो, बेवेते, बेवोनो. चौथ्यावर हमखास गाडी रुतायची. शेवटी त्यांनीच युक्ती काढली. मित्राचा डावा पाय धरायचा, अंगठा बेवो, मग एकेक बोट, करंगळीला बेवेते, आणि बेवोनोसाठी उजव्या पायाचा अंगठा. करंगळी धरली की ती खुदकन हसायची, त्यामुळे बेवेते मामा कधी विसरले नाहीत.

नकाराला ‘नोन’ आधी लावायचं, प्रश्नाला फक्त आवाज वर न्यायचा. नोन मामांना फार आवडलं. दोन दिवस सासूबाईंच्या प्रत्येक बोलण्याला नोन म्हणत फिरले, आणि त्यांनी सांडशी उचलल्यावर थांबले. रविवारपर्यंत मामांना पंधराएक वाक्यं येऊ लागली. सगळी पिण्याची. त्या पंधरा वाक्यांत खेचर, मित्रा, म्हैस, व्यंकटीमामा आणि सारं गाव कधी पाणी पीत होतं, कधी पीत नव्हतं. पण अडायचं काहीच नाही. फक्त मित्राचा पाय हातात पाहिजे.

सोमवारी शाळेपुढच्या लिंबाखाली सगळं गाव जमलं. जीप आली, मागून धुरळ्यात मशीन. इंजिनिअर उतरला. सिल्वानो त्याचं नाव, उन्हानं लाल झालेला, टक्कल रुमालानं झाकलेलं. बरोबर ऑफिसचा ओव्हरसिअर, हातात वही. मामा धुतलेलं धोतर नेसून, मित्राला कडेवर घेऊन पुढे झाले. व्यंकटीमामा पहिल्या रांगेत, मांडी ठोकून.

“बोंजोर्नो,” साहेब म्हणाला.

“बोंजोर्नो,” मामा म्हणाले. हे पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर होतं. गावात एक कौतुकाची लाट गेली.

मग मामांनी मित्राच्या पायाला हात घातला आणि ते थिजले. सासूबाईंनी, साहेब यायचाय म्हणून, त्या मेच्या उन्हात तिला लोकरीचे मोजे घातले होते. लाल, वर गोंडे लावलेले. बोटं नव्हतीच. नुसता एक लाल गोळा.

मामांनी मोजा ओढला. सासूबाईंनी नाडी घट्ट बांधलेली. मामांनी नाडी दातांत धरली. साहेब बघतोय, ओव्हरसिअर बघतोय, गाव श्वास धरून बघतंय, आणि आमचे दुभाषे नातीच्या पायाला चावून राहिलेत. व्यंकटीमामा शेजारच्याला हळूच म्हणाले, की तिकडं अशीच रीत आसंल, आधी लेकराचा पाय. शेवटी मोजा निघाला. मामांनी अंगठ्याशेजारचं बोट धरलं, घसा खाकरला, तांब्या साहेबापुढे केला आणि आवाज वर नेऊन विचारलं, “बेवी लाक्वा?”

साहेबाचा चेहरा फुलला. “बेवो, बेवो,” म्हणत त्यानं तांब्या तोंडाला लावला. अगदी अंगठ्यावरचं उत्तर. गावानं टाळ्या वाजवल्या. मामांना जोर चढला. मित्रा बेवे लाक्वा. चौथं बोट धरून, सगळ्या गावावरून हात फिरवून, डोळ्यांत दुष्काळ आणून ते म्हणाले, “नोन बेव्यामो लाक्वा.” आम्ही पाणी पीत नाही. साहेबानं मान खाली घातली. ओव्हरसिअरनं वहीत काहीतरी लिहिलं. समोर बसलेल्या व्यंकटीमामांनी तोंडातला तंबाखूच गिळला.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण साहेबाला आता माणूस सापडला होता. तो पुढे आला, मामांचा खांदा धरला आणि त्यानं काहीतरी विचारलं. भरभर, लांबलचक.

मामांनी अंगठा धरला. दुसरं बोट धरलं. पाचच्या पाच बोटं झाली, करंगळीला मित्रा हसली, पण त्या बोटांत ते उत्तर नव्हतं. साहेबानं सावकाश परत विचारलं. दोवे आ इंपारातो लितालियानो?

“काय म्हणतोय रं, ग्यानबा?” व्यंकटीमामांनी विचारलं. सगळं गाव मामांच्या तोंडाकडे बघत होतं. मामांच्या कानशिलावरून घाम निघाला आणि मानेपर्यंत आला.

मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. दोवे म्हणजे कुठे; हॉटेलच्या धड्यात पानापानाला होतं, स्टेशन दोवे, संडास दोवे. शेवटचा शब्द तर कुणालाही कळला असता. मला अर्थ समजला होता. पण मित्रा माझ्याकडे नव्हती, त्यांच्याकडे होती. सांगू तरी कुणाला? मी एकदा सासूबाईंकडे बघितलं, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सगळ्यांसमोर म्हटलं,

“मामा, ते विचारतायत, तुम्ही इटालियन कुठं शिकलात.”

घोळक्यातल्या बायकांच्या बांगड्यासुद्धा वाजायच्या थांबल्या. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मामांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. लग्नानंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच, सरळ. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले,

“सांग त्याला. खेचराकडनं.”

मला ‘कडून’ला दाल म्हणतात एवढं आठवलं. “दाल मूलो,” मी म्हटलं. “इल मूलो बेवे लाक्वा.” आणि मामांकडे हात केला.

साहेब आधी नुसता बघत राहिला. मग जीपच्या पायरीवर बसून तो इतका हसला की ओव्हरसिअरला त्याला पाणी द्यावं लागलं. उठल्यावर त्यानं मामांना मिठी मारली, मित्राच्या उघड्या पायाचा मुका घेतला, आणि खडक बघायला निघून गेला. दुपारी व्यंकटीमामांच्या बांधाजवळ मशीन लागली, दुसऱ्या दिवशी दोनशे फुटांवर पाणी लागलं. फार नाही, पण हापसा बसण्याइतकं.

गावानं मात्र त्या दिवसाचा भलताच अर्थ काढला. म्हातारा लई पोचलेला, म्हणू लागले, सुनेलासुद्धा शिकवलंय घरात. मामांची कीर्ती पार चाकूरपर्यंत गेली. मी म्हटलं, झालं, वाचली इज्जत. पण मामा तीन दिवस कुणाशी नीट बोलेनात. मारक्या म्हशीलाही मराठीत हाकललं.

गुरुवारी व्यंकटीमामा आले ते पाच नातवंडांना घेऊन. पोरांच्या हातात पाट्या. म्हणाले, ग्यानबा, यांना बी शिकव तुझी भाषा, कुठं तरी कामाला येईल. मामा ओट्यावर होते. मित्रा आत झोळीत झोपली होती, तेव्हा मला वाटलं, मला बोलवायला आता ते कप वाजवतील.

“विशाखा,” त्यांनी हाक मारली. “भाईर ये, माय.”

मी पदर सावरत दारात आले.

“ही मास्तरीण,” मामा व्यंकटीमामांना म्हणाले. “मला एकच वाक्य येतंय, व्यंकट्या. पयल्यापासून एकच. समद्यांना तेच ऐकवलं. बाकीचं समदं हिनं शिकवलं मला, चार दिसांत.”

व्यंकटीमामांनी पोरांना बसवलं. चंची काढली, पान लावलं, चुना लावला.

“मला ठाऊक व्हतं,” ते म्हणाले.

“कवापासून?”

“सत्तेचाळीसपासून.”

“मग बोलला कामून न्हाईस?”

“तुझ्याकडं येवढं एकच वाक्य व्हतं. ते बी काढून घेऊ व्हय?”

मामांनी चंची त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि बराच वेळ सुपारी कातरत बसले.

तेव्हापासून दुपारी आमच्या ओट्यावर शाळा भरते. मी आता उंबऱ्याच्या बाहेर बसते, मित्रा मांडीवर. समोर पाच पोरं, सहावे मामा. सातवे व्यंकटीमामा, ते ‘नुसता बसतो’ म्हणून येतात आणि पाटी घेऊन बसतात. काल मी ‘आम्ही भाकरी खातो’ घातलं. मामांनी माझी नजर चुकवून व्यंकटीमामांच्या पाटीवरून उतरवलं. दोघांचं चुकलं. मी तसं म्हटलं, मामांच्या तोंडावर, त्यांचं नाव घेऊन नाही पण त्यांच्याकडेच बघून. त्यांनी पाटी थुंकीनं पुसली आणि म्हणाले, “नोन.”